अठरा खड्ड्यांची पाठराखीण

भिवंडी, ६ नोव्हेंबर २००६

आत्या,

शाळेत शिकवलेला लांबलचक मायना मी लिहिला की तुझी नात उन्नती तो वाचून दाखवताना गाळते, हे मला कळलं आहे. म्हणून नुसता वाकून नमस्कार. चिठ्ठी वज्रेश्वरीच्या गाडीवरच्या सावळाराम कंडक्टरांकडे देते आहे. ऑफिसातून तुझ्या शेजारच्यांच्या फोनवर निरोप ठेवता आला असता, पण ऑफिसचा फोन खासगी कामाला वापरायचा नाही असा नियम आहे. बाकी सगळे वापरतात. माझा हात होत नाही.

मला नोकरी लागली. वडप्याला गोडाऊनांच्या मागे गोल्फचं मैदान झालं आहे, तिथे. लांब काठीने छोटा पांढरा चेंडू मारायचा, पडेल तिथवर चालत जायचं, पुन्हा मारायचा, आणि शेवटी एका खड्ड्यात घालायचा. असे अठरा खड्डे. आमच्याकडे नऊच आहेत, म्हणून सगळे दोनदा फिरतात. बाबा बघून गेले. म्हणाले, "एवढी जमीन, आणि पीक काय, तर खड्डे!"

माझं काम मुलांच्या सुरक्षेचं. परदेशातली एक संस्था क्लबला मदत देते. तिने एकशे बारा पानांची इंग्रजी फाईल पाठवली आणि अट घातली की हे नियम पाळायला एक माणूस नेमा. क्लबचे सचिव रामनाथशेठ यांनी मला नेमलं, कारण अर्जदारांत फाईल शेवटपर्यंत वाचलेली मी एकटीच होते. आता सगळे मला 'सेफ्टी मॅडम' म्हणतात. काल वॉचमनने मला शिडी धरायला बोलावलं. म्हणाला, "सेफ्टी तुमच्याकडेच आहे ना?"

नियम असे: मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. बंद दाराआड शिकवायचं नाही. गाडीतून एकट्या मुलाला न्यायचं नाही. मला रात्री स्वप्नातही पानांचे नंबर दिसतात.

मैदान झालं तेव्हा गावाशी ठरलं होतं की जवळपासची दोन मुलं फुकट शिकतील. त्यातल्या एकीचं नाव धाकली. डोंगराकडच्या पाड्यावरच्या राहीबाईची मुलगी, बारा वर्षांची. बोलत नाही फारशी, पण चेंडू असा मारते की शेठलोक चहा पिता पिता थांबतात. आमचे कोच धनेश सर तिच्यावर फार माया करतात. तिला त्यांनी स्वतःहून हातमोजा दिला. उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या हातात एकच मोजा लागतो. तिचे मारलेले फटके कॅमेऱ्यात घेऊन खोलीत टीव्हीवर दाखवतात, एकटीला, वेगळा वेळ काढून. इतकी कळकळ मी कुठल्या मास्तरात पाहिली नाही.

तुझी,
विनिता


दिघाशी, ११ नोव्हेंबर

विनूताईस, उन्नतीचा नमस्कार. आजी बोलते आहे तसं लिहिते आहे.

विनू, बाय, चिठ्ठी पोचली. खड्ड्यात चेंडू घालायला शिकवायला मास्तर लागतो हे ऐकून गावात तीन दिवस हसू सरलं न्हाय. (आजी स्वतःच घरोघर जाऊन सांगत होती. — उन्नती)

शिडी धरू नको. तुझं काम न्हाय ते.

आता माझं ऐक. त्या मास्तरानं मोजा दिला. चांगलं केलं. पण देताना काय बोलला? घरी दाखव बोलला, का घरी सांगू नको बोलला? एवढं त्या पोरीला विचार. वाकडं तोंड करून विचारू नको, शेंगा खाता खाता विचार. आणि खोलीत टीव्ही दाखवतो तेव्हा दार उघडं असतं का लावलेलं? तुझ्या फाईलीत काय लिवलंय ते मला न्हाय सांगायचं. दाराचं सांग.

पार्वती
(मी सहावीत आहे, मलाही गोल्फ शिकता येईल का? हे आजीने सांगितलेलं नाही.)


भिवंडी, २० नोव्हेंबर

आत्या,

तुझ्या चिठ्ठीने माझी झोप उडवली. माणसावर असा संशय घेणं बरं का? सर देवभोळे आहेत, दर मंगळवारी उपास करतात, त्यांनी शिकवलेल्या मुलांनी कप आणले आहेत.

तरी विचारलं. शेंगा खाता खाताच. धाकली म्हणाली, "सर बोल्ले, मोजा इथंच ठेव. घरी नको सांगू, आपलं गुपित हाय." आणि दार लावलेलं असतं. मी सरांना सहज विचारलं तर ते हसले. "मॅडम, एसी बाहेर जातो ना! हे सगळे नियम तिकडच्या गोऱ्यांसाठी. ही भिवंडी आहे." हे त्यांनी इतक्या मोकळेपणाने सांगितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आणि मी कुठल्या तोंडाने बोलू? गेल्या गुरुवारी धाकलीची गाडी चुकली, म्हणून मी तिला माझ्या स्कूटीवरून पाड्यापर्यंत सोडलं. एकटीला! पान सत्तेचाळीस, नियम सहा. दुसऱ्या दिवशी मी नोंदवहीत स्वतःची तक्रार लिहिली. रामनाथशेठ बघत राहिले. "तक्रार करणारी विनिता. जिच्याविरुद्ध तक्रार, तीही विनिता. मी समज कुणाला देऊ?" मी म्हटलं, "मला द्या." त्यांनी दिली. जरा बरं वाटलं.

आता खरी अडचण. २३ डिसेंबरला पुण्याला मुलांची स्पर्धा आहे. तिथे धाकली चांगली खेळली तर पुढची तीन वर्षं तिचं शिक्षण आणि खेळ दोन्ही ती संस्था बघणार. क्लबची आणखी दोन मुलं आपापल्या वडिलांबरोबर जाणार आहेत. धाकलीला सर त्यांच्या गाडीतून नेणार, आदल्या दिवशी, मुक्कामाने. राहीबाई मजुरी सोडून जाऊ शकत नाही. संमतीच्या कागदावर क्लबच्या वतीने माझी सही लागते. सही केली तर नियम मोडतो. नाही केली तर पोरीची वाट बंद होते, आणि तीही एका निर्दोष माणसावर शंका घेऊन. फाईलीत मुलाबरोबर घरच्यांच्या विश्वासाचं मोठं माणूस पाठवावं असं आहे, पण असं माणूस आणू कुठून? मराठी फॉर्मवर त्याला काय नाव द्यायचं तेही सुचत नाही. 'सहचर' लिहिलं तर राहीबाईने मला विचारलं, "हे कशाशी खातात?"

विनिता


दिघाशी, २६ नोव्हेंबर

विनू,

तुझ्या शाळेवर तुझ्या बापानं दोन बैलांची जोडी इकली, आणि तुला पाठराखीण आठवली न्हाय?

नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासंगं कोण जातं? मी एकावन्न नवऱ्यांसंगं गेलेय. (आजी मागच्या वर्षी त्रेचाळीस म्हणाली होती.) पाठराखीण म्हणजे काय नुसती मिरवायला जाते का गो? नवरीच्या ताटातला पहिला घास मी खायची. ती आत गेली की मी उंबऱ्यात. सासरचं कोण बोललं, "आजी, तुम्ही दमल्या, बाहेर वाऱ्याला बसा," की मी समजायची, आता आतच बसायचं. वज्रेश्वरीच्या एका घरात तर नवरदेवाचा मामा मला सारखा गरम पाण्याच्या कुंडावर धाडत होता. पाच दिवसांत सात वेळा आंघोळ घातली मेल्यानं. मी दर वेळी नवरीला संगं घेऊन गेली. अंग पार सोलून निघालं दोघींचं, पण हात सोडला न्हाय.

तेव्हा फॉर्मवर तेच लिव. आणि मी येते.

तुला त्याच्यावर आळ घ्यायचा न्हाय ना? नको घेऊ. त्याला फक्त एवढं सांग, पाठराखीण येतेय. चांगला माणूस असंल तर बोलंल, बरं झालं, माझ्या डोक्याचा ताप गेला. तसा नसंल तर, जो आजवर नियमांना हसत होता तो नियम वाचायला बसंल.

आणि एक सांगते, राग नको मानू. स्वतःची तक्रार लिवताना तुझी शाई धो धो वाहते. दुसऱ्याचं नाव आलं की आटते. हे काय शिक्षण?

पार्वती
(शेवटचं वाक्य मी गाळणार होते. आजीने दोनदा वाचून घेतलं.)


भिवंडी, ५ डिसेंबर

आत्या,

फॉर्म तयार केला, राहीबाईने तुझ्या नावापुढे अंगठा उठवला. 'प्रवासात मुलीसोबत घरच्यांनी निवडलेली पाठराखीण राहील. ती मुलीला नजरेआड करणार नाही. तिला कोणीही बाहेर बसण्यास सांगू नये.' रामनाथशेठना मराठी वाचायचा कंटाळा. "मॅडम, मोठ्यानं वाचा, मी ऐकतोय," म्हणाले आणि फोनवर कोणाशी तरी कापडाच्या तागांबद्दल बोलत राहिले. मी पूर्ण वाचला. 'बाहेर बसण्यास' तर दोनदा वाचलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला. ही फसवणूक झाली का? रात्रभर विचार केला. मोठ्याने वाचला होता, तेव्हा नसावी.

मग सरांना सांगितलं. तू म्हणालीस ते मनात होतं, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे न बघता खुर्चीच्या पायाकडे बघत होते. ते खुर्ची मागे सरकवून उठले. मग म्हणाले, "फाईल जरा देता का?"

आत्या, ते फाईल वाचत आहेत. आज तिसरा दिवस. रोज एक नवं काढतात. गाडीत जागा नाही, मागे काठ्यांच्या पिशव्या असतात. मैदानावर चपला चालत नाहीत, गवत बिघडतं. खेळ चालू असताना बोलायचं नसतं, आणि गावच्या बायका गप्प बसत नाहीत. लॉजवर ओळखपत्र लागतं. म्हाताऱ्या माणसाला अठरा खड्डे चालवत नाहीत, काही झालं तर जबाबदार कोण?

मला भीती वाटते. सरांची नाही. तुझं खरं ठरेल याची.

विनिता


दिघाशी, ८ डिसेंबर

विनू,

जागा न्हाय? पिशव्या मांडीवर घेईन. चपला नको? जन्मात भातलावणी कधी चपला घालून केली न्हाय. ओळखपत्र? मतदानाचं हाय, फोटोत मी भूत दिसते, पण शिक्का सरकारी हाय. अठरा खड्डे? भिवंडीच्या रस्त्यावर मी बसगाडीतून रोज अठराशे मोजते.

आणि बोलायचं न्हाय? बरं हाय. न्हाय बोलणार. बघणार.

पार्वती
(आजीने तेव्हापासून गप्प बसायची सवय सुरू केली आहे. काल अर्धा तास झाला. घरात सगळ्यांना वाटलं तिला बरं नाही.)


भिवंडी, १५ डिसेंबर

आत्या,

झालं. सरांनी धाकलीचं नाव यादीतून काढलं. कारण लिहिलं, 'शिस्तीचा अभाव.' धाकली मोजा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "माझं काय चुकलं? गुपित तुम्हाला सांगितलं म्हणून का?" मी स्टोअरच्या मागे जाऊन रडले, आणि मग आठवलं की तिला एकटीला बसवून आले आहे, म्हणून रडणं अर्धं टाकून परत आले.

मग नोंदवही उघडली. आरोप लिहिला नाही. घडलं तेवढंच लिहिलं: प्रशिक्षक धनेश यांनी धाकलीला हातमोजा दिला व घरी सांगू नकोस असे सांगितले. चार वेळा बंद खोलीत एकटीला बसवले. पाठराखीण येणार हे कळल्यावर तिचे नाव काढले. त्यांचं नाव लिहिण्याआधी पेनात शाई भरून घेतली. नाव स्वच्छ आलं आहे.

रामनाथशेठ म्हणाले, "हे पान फाडा. क्लबची बदनामी होईल." मी म्हटलं, "फाडता येणार नाही. पहिल्याच दिवशी मी सगळ्या पानांना शाईने नंबर घातले आहेत." त्यांनी कपाळाला हात लावला. मग मी सांगितलं की दोन दिवसांत नक्कल संस्थेला पाठवावी असा नियम आहे, ती मी सकाळीच फॅक्स केली, ऑफिसच्या मशीनवरून, कारण ते काम ऑफिसचं होतं. त्यांनी दुसराही हात लावला.

संध्याकाळी संस्थेचा फोन आला. मी दाराबाहेर होते. शेठ एकटेच "येस... येस... ऑफ कोर्स" म्हणत होते. मग बाहेर येऊन म्हणाले, "मुलीचं नाव पुन्हा घाला. आणि तुमची ती कोण, मुखत्यार की पाठराखीण, तिला पाठवा." चौकशी होईपर्यंत सरांना मैदानावर यायला मनाई आहे. ते कपाट रिकामं करून गेले. जाताना मला म्हणाले, "एका मोज्यावरून!"

आता कोच नाही, गाडी नाही. नियमाप्रमाणे दोन मोठी माणसं हवीत. एक मी. आत्या, खरंच येशील ना? इतका लांबचा प्रवास, तुझे गुडघे...

विनिता


दिघाशी, १८ डिसेंबर

विनूताई,

हे मी एकटीच लिहिते आहे. तुझी चिठ्ठी मी 'खरंच येशील ना' पर्यंत वाचली आणि आजी उठली. गुडघ्यांचं वाचायचं राहूनच गेलं. तिने भाकऱ्यांचं पीठ वेगळं काढलं आहे, वाळका जवळा बांधला आहे, आणि शेजारच्या गोदूकाकूकडून तिच्या मुलाचे शाळेचे पांढरे मोजे आणले आहेत. म्हणते, "त्या खेळात एक मोजा घालतात, मी दोन घालीन." २१ तारखेला ती तुझ्याकडे येईल. थांबवू नकोस. मी प्रयत्न केला.

मला मात्र इथेच ठेवलं. सगळं लिहून कळव. काही गाळू नकोस.

उन्नती


भिवंडी, २८ डिसेंबर

चिरंजीव उन्नतीस,

आजी तुला घरी येऊन सांगेलच, पण ती आकडे वाढवते. खरं असं झालं.

आम्ही तिघी एस.टी.ने गेलो. काठ्यांची पिशवी आजीच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "मावशी, यात काय?" आजी म्हणाली, "पोरीचं नशीब हाय. तिकीट लागतं का?"

पुण्याच्या मैदानावर एक साहेब यादी घेऊन उभे होते. आजीला बघून म्हणाले, "आपण कोण?" आजी गप्प. तिने आधीच मौन धरलं होतं. मी म्हटलं, "पाठराखीण." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. यादीत इतर मुलांच्या पुढे 'वडील, वडील, काका' होतं.

आजी पांढरे मोजे घालून, छत्री घेऊन, अठराच्या अठरा खड्डे चालली. एक शब्द नाही. मी तिला जन्मात इतकी गप्प पाहिली नव्हती. सातव्या खड्ड्याजवळ मात्र गवतात एक चेंडू पडलेला दिसला. तिने तो उचलला, पदराने पुसला आणि शेजारच्या मुलाच्या हातात नेऊन दिला. त्याचाच होता. खेळातला होता! मुलगा रडकुंडीला आला, पंच धावत आले, दहा मिनिटं खेळ थांबला. बाहेरच्या माणसाने हलवलेला चेंडू जागेवर ठेवायचा, दंड नाही, असं निघालं. मी तरी त्या मुलाची तीनदा माफी मागितली. आजी मला खुणेनं म्हणाली, पुसून दिला ना?

धाकली एकोणीस जणांत पाचवी आली. संस्थेच्या बाई भेटायला आल्या आणि तिला म्हणाल्या, "तुला पुढे शिकायचं आहे?" धाकलीने आधी आजीकडे बघितलं. आजीने मान हलवली. मग धाकली म्हणाली, "हां. पण दार उघडं ठेवून."

त्या बाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. थांबल्या. मग म्हणाल्या, "हो. उघडं ठेवून."

परतीच्या गाडीत बसल्या बसल्या आजीने मौन सोडलं. खंडाळा ओलांडेपर्यंत मागच्या बाकावरचे लोक पुढे येऊन ऐकत होते.

तुझी,
विनूताई

ता. क. धाकलीला नवा मोजा घेतला. माझ्या पगारातून. राहीबाईच्या समोर दिला आणि नोंदवहीत लिहिला.


भिवंडी, ६ जानेवारी २००७

आत्या,

क्लबच्या समितीने तुझ्या साडीला मंजुरी दिली. पाठराखिणीला रित्या हाताने पाठवायचं नसतं हे मी सांगितल्यावर रामनाथशेठनी विचारलं, "ही कुठल्या पानावर आहे?" मी म्हटलं, पानावर नाही, पण आहे. वहीत 'सुरक्षा साहित्य' या सदराखाली घातली आहे. हिरवी, जरीकाठी. आता इतर आयाही फॉर्म मागायला येतात. एकीने तर सासूला पाठराखीण म्हणून पाठवायचं ठरवलं आहे, तेवढीच घरात शांतता.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. परवा एक बाई आल्या. त्यांची मुलगी जूनमध्ये गोल्फ सोडून गेली होती. 'अभ्यास आहे' असं कारण जुन्या हजेरीवहीत आहे. बाई कितीतरी वेळ फॉर्मवरच्या ओळी वाचत बसल्या. 'तिला कोणीही बाहेर बसण्यास सांगू नये.' मग म्हणाल्या, "मला सांगितलं होतं, बाहेर बसा. मी बसले हो."

मी काही विचारलं नाही. पाणी दिलं, दार उघडं ठेवलं. त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदवहीत लिहिलं. दीड पान. धनेश सरांचं नाव तिथेही स्वच्छ आलं आहे.

येत्या बुधवारी त्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाणार आहेत. मी बरोबर आहे. भीतीने वहीची पानं आत्तापासूनच तीनदा मोजून झाली. परवा निघताना त्या उंबऱ्यात थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ती तुमची पाठराखीण... ती फक्त मुलींसाठीच असते का? आयांबरोबर येते?"

काय सांगू त्यांना?

विनिता


दिघाशी, ८ जानेवारी

विनू,

मंगळवारच्या शेवटच्या गाडीनं येते. साडी तशीच ठेव, बुधवारचं काम झालं की नेसेन.

त्या बाईला सांग, मी बोलणार न्हाय, बघणार. आणि कोण बोललं, आजी, तुम्ही बाहेर बसा, तर मला ऐकू कमी येतं. (कमी येत नाही. — उन्नती)

तू भिऊ नको. पानांना नंबर घातलेस ते बरं केलंस.

आणि तिथं चपला चालतात का, तेवढं विचारून ठेव.

पार्वती